दहा मोटारींची जागा

गावात मोजून तीन मोटारी होत्या, त्या काळात मी पेठेत उभी राहिले. वर दुकानं आणि तळमजल्यावर दहा मोटारी ठेवायची जागा! असं दुसऱ्या कुठल्याच इमारतीकडे नव्हतं. सात जागा कायम रिकाम्या असायच्या, पण मला त्याचीही ऐट वाटायची.

पुढे मोटारी इतक्या रुंद झाल्या, की माझ्या दारातून एकही आत शिरेना. तळमजला ओस पडला. एका उन्हाळ्यात केळ्यांची हातगाडी दाराशी आली.

"ताई, जरा सावलीला येऊ का?" हातगाडीने विचारलं.

"इथे फक्त गाड्या येतात," मी तोऱ्यात म्हणाले.

तिची मालकीण सुगंधाबाई हिला माझं बोलणं ऐकूच आलं नाही. ती हातगाडी ढकलत सरळ आत आली. मागोमाग आणखी आठ आल्या.

मग एक दिवस नगरपालिकेचे साहेब आले. "तळमजला वापरात नसेल, तर इमारत पाडायचं ठरलंय." माझ्या भिंती लटपटल्या.

"इथे गाड्या लावतं का कोणी?" त्यांनी विचारलं.

"लावतो की, साहेब," सुगंधाबाई म्हणाली. "मोजा, नऊ आहेत."

साहेबांनी खरंच मोजल्या आणि कागदावर 'वापरात' असं लिहिलं.

शेजारच्या इमारतींना मात्र मी अजून सांगते, की माझा रुबाब बघूनच साहेब परत गेले.