केरबानं पात्याला दात पाडले

एका गावात केरबा नावाचा एक भोळा धारवाला होता. भोळा तरी किती? बायको "दुधाकडे बघा" म्हणून शेजारी गेली, तर उतू जाणारं दूध हा शेवटच्या थेंबापर्यंत बघत बसला. पण विळ्या-कोयत्यांना धार लावावी तर त्यानंच.

त्याची भाची ऋतुजा शहरातल्या हॉलमध्ये बर्फावर स्केटिंग करायची. उड्या, गिरक्या, सगळं. महिन्याभरावर मोठी स्पर्धा होती. पहिली आली तर राज्याच्या संघात जागा! तीन वर्षं पोरगी त्यासाठी पडत-उठत होती. आणि नेमका हॉलमधला धारवाला काम सोडून गेला. आई म्हणाली, "आपला केरबा हाय की!" केरबा आपलं चाक घेऊन हजर झाला.

ऋतुजानं बूट दिले. "मामा, पात्यांना धार लाव."

केरबानं बघितलं, तर पात्याच्या पुढच्या टोकाला दात. "अरारा, टवके उडाल्यात!" त्यानं दात घासून गुळगुळीत केले. ऋतुजा उडी मारायला गेली. टोक बर्फात रुतेचना. ती दाणकन आपटली.

"अहो केरबा," शिकवणाऱ्या सोनटक्के मॅडम ओरडल्या, "त्या दातांच्या जोरावर उडी मारतात! दात हवेतच!"

"आलं ध्यानात. दात हवंत."

दुसऱ्या दिवशी शर्यतीत पळणारा एक गडी आला. त्याचं पातं लांबलचक. "काका, धार लावा."

"बिचारा," केरबा हळहळला, "ह्याला दातच न्हाईत!" त्यानं कानशीनं सहा-सहा दात पाडले. शिट्टी वाजली. बाकीचे पळाले. हा गडी जागच्या जागी नाकावर पडला.

"अहो, पळायचं पातं सरळसोट असतं!" मॅडमनी कपाळावर हात मारला.

"आलं ध्यानात. सरळसोट."

मग ऋतुजानं नवी पाती आणली. दात शाबूत, पण पात्याला खालून किंचित बाक. "पोरीला फसवली दुकानदारानं!" केरबानं ती ऐरणीवर ठोकून सरळसोट केली. ऋतुजानं गिरकी घेतली. पातं वळेचना. ती सरळ निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि कँटीनमध्ये चहाच्या टेबलाला धडकून थांबली.

"गिरकी त्या बाकावर फिरते हो!" मॅडम रडकुंडीला आल्या. "आता बुटांना हात लावायचा नाही!"

"आलं ध्यानात. उडीला दात, गिरकीला बाक. आन् बुटाला हात न्हाई."

केरबाला फार वाईट वाटलं. भाचीवर त्याचा जीव होता. हे दोन धडे आता जन्मात विसरायचे नाहीत, असं त्यानं ठरवलं. मॅडमनी दुसरीकडून पाती आणली आणि स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

स्पर्धेचा दिवस उजाडला. हॉलमध्ये बर्फ सपाट करायचं एक मशीन होतं, ट्रॅक्टरएवढं. त्याच्या पोटाखाली बर्फ तासणारं रुंद पातं. ते बोथट झालेलं. ड्रायव्हर गुरव म्हणाला, "केरबादा, एवढी धार लावून द्या पटकन."

हा काही बूट नव्हता. केरबानं पातं हातात घेतलं आणि त्याचं काळीज हललं. "दात न्हाईत, बाक न्हाई! एवढा मोठा गडी नाचणार कसा?" त्यानं जीव ओतून काम केलं.

हॉल भरला. पंच बसले. ऋतुजा बूट बांधून तयार. मशीन बर्फावर आलं.

दात कचकन रुतले. बर्फ नांगरला गेला, ऊस लावावा अशा सऱ्या पडल्या. मग बाक रुतला आणि मशीन गरकन फिरलं. एकदा, दोनदा, तीनदा! वर गुरव आईला हाका मारत होता. मधोमध येऊन मशीन बंद पडलं.

"स्पर्धा रद्द," पंच म्हणाले.

ऋतुजा हुंदके देऊन रडायला लागली. केरबा धावत आला. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडतीस कशाला? तीन गिरक्या घेतल्या गड्यानं, एकदा बी पडला न्हाई. पयला नंबर त्येचाच. पर दुसरी तूच हैस!"