बस्त्यावच्या होडीतली उशी

एक होती खाडी. खाडीच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे मारिया मावलीचं देऊळ. देऊळ म्हणजे आपलंच, क्रूसाचं, घंटेचं, मेणबत्त्यांचं. काय म्हणता, राजा कुठं आहे? आहे, राजाही आहे. पण तो अगदी शेवटी येतो, आणि येतो तोच झोपलेला. तेव्हा तोवर तुम्ही नाही झोपायचं, बरं का.

तर त्या गावात राहायची फिलू. तिचा नवरा बस्त्याव. बस्त्याव खाडीत जाळं टाकायचा, फिलू बाजारात मासळी विकायची. फिलू मोठी धीट. अंगणात साप निघाला तर काठीवर उचलून कुंपणापलीकडे भिरकवायची आणि वर म्हणायची, "जा बाबा, तुझ्या आईला काळजी लागली असेल." भीती कशाशी खातात ते तिला ठाऊकच नव्हतं.

बस्त्यावच्या होडीत मागच्या बाजूला एक उशी असायची. लहानशी, पांढऱ्या अभ्र्याची. तिथं कुणी बसायचं नाही, तिथं मासळीची पाटी ठेवायची नाही. ही त्याच्या आजोबांपासूनची रीत. येशू एकदा शिष्यांबरोबर होडीतून चालला होता आणि दमून मागे उशीवर झोपला होता ना? म्हणून आजोबा म्हणायचे, "पुन्हा कधी आपल्या होडीत आला, तर त्याला टेकायला काही नको का?"

दरवर्षी फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला यायचे. त्याच्या आदल्या दिवशी फिलू ती उशी उसवायची, सावरीचा नवा कापूस भरायची आणि दरवर्षी कुरकुरायची. "माझ्या उशीतला कापूस दगड झालाय, आणि जिथं कुणी झोपत नाही तिथं दरवर्षी नवा!"

बस्त्याव हसायचा. "भर गं. तो आला म्हणजे ओशाळायला नको."

सगळं होतं, पण त्यांच्या घरात पाळणा नव्हता. पुष्कळ वर्षं नव्हता. मग एक दिवस फिलू खाडी ओलांडून मावलीपुढे गुडघे टेकून बसली. म्हणाली, "मावली, मला बाळ दे. मी ते तुझ्याच देवळात आणीन, तुझ्या पायांशी ठेवीन, इथंच त्याचा बाप्तिस्मा करीन, नाव ठेवीन. केळ्यांचा घड आणीन, आणि बाळाच्या उंचीची मेणबत्ती लावीन."

मावलीनं ऐकलं. फिलूला मुलगी झाली. नाक एवढंसं, मुठी एवढ्याशा, आणि रडणं मात्र देवळाच्या घंटेएवढं.

सगळा गाव बघायला आला. शेजारची रेजिना मावशीही आली. मावशीची जीभ मोठी गोड आणि मोठी लांब. तिनं बाळाची अलाबला घेतली, कानशिलांवर बोटं मोडली आणि कौतुकानं म्हणाली, "बाय माझी! पोर झाली, आता तुझ्या जिवाला घोर लागला हो!"

आता असं सगळ्याच मावश्या म्हणतात. पण त्या दिवशी दाराबाहेर कुणीतरी ते ऐकलं.

दार किलकिलं झालं. आत आलं मांजराच्या पिलाएवढं काहीतरी. खाडीच्या चिखलाच्या रंगाचं. कान जमिनीला टेकलेले, डोळे वाटोळे आणि पाणावलेले.

"कोण रे तू?" फिलूनं विचारलं.

"मी घोर. आत्ताच लागलो. मावशींनी हाक मारली ना?"

शेपूट? होती तर. लांब होती, आणि ती त्यानं पाळण्याच्या दोरीला गुंडाळली.

"बरं, आलास तर आलास," फिलू म्हणाली. "खातोस काय?"

"फार काही नाही. एखादं 'तर' मिळालं तर पुरे."

"तर? हे काय असतं?"

"हेच, हेच!" म्हणत त्यानं तो शब्द हवेतच पकडला आणि कुरुम कुरुम खाऊन टाकला.

मग पहिला रविवार आला. मेणबत्ती तयार, घड तयार, बाळाच्या डोक्यावर लेसची टोपी. फिलू निघाली, तर उंबऱ्यावर घोर.

"आभाळ बघितलंस? वाटेत पाऊस आला तर?"

फिलूनं वर बघितलं. एक ढग होता, हातरुमालाएवढा. तिच्या छातीत धस्स झालं. आजवर कधी झालं नव्हतं हो असं! कारण आजवर हातात हरवण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, "खरंच की. पाऊस आला तर?"

कुरुम! घोरानं 'तर' गिळलं आणि तो बकरीएवढा झाला. त्या दिवशी कुणी गेलं नाही.

मग दुसरा रविवार ठरला. तोवर बाळ वाढलं होतं, मेणबत्ती आखूड पडली. फिलूनं नवी करून घेतली. मंडळी खाडीच्या काठापर्यंत पोचली. घोरही दुडुदुडु मागे.

"होडीला चीर असली तर?"

"अहो, होडीला चीर असली तर?" फिलू म्हणाली.

"अगं, कालच डांबर लावलंय," बस्त्याव म्हणाला.

"डांबर निघालं तर?" फिलू पुन्हा म्हणाली.

कुरुम, कुरुम. घोर वासराएवढा झाला. मंडळी घरी परत.

मग तिसऱ्यांदा नवी मेणबत्ती. या वेळी फिलूनं मन घट्ट केलं. एक पाय होडीतसुद्धा टाकला. तेवढ्यात घोर तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "लाट आली, आणि बाळ हातातून निसटलं तर?"

"निसटलं तर?" फिलू किंचाळली आणि बाळाला छातीशी धरून धावत सुटली ती थेट घरात.

आता घोर झाला म्हशीएवढा. घरात मावेना. बस्त्यावची खाट बाहेर ओसरीत गेली. चुलीपुढे घोराचं बूड, कोनाड्यात घोराचे कान, आणि हनुवटी पाळण्याच्या कडेवर. बाळाला हसायचं असलं तरी आधी त्याच्या मिश्या बाजूला साराव्या लागत.

रेजिना मावशीला कळलं तशी ती केरसुणी घेऊनच आली. "मेल्या, मी आपलं बोलायचं म्हणून बोलले! तुला कुणी आमंत्रण दिलं होतं? चल, नीघ!" आणि तिनं त्याला केरसुणीनं बडव बडव बडवलं.

घोर म्हणाला, "जरा डावीकडे मावशी, तिकडे खाजतंय."

फिलू घाबरून म्हणाली, "मावशी, हळू! पिसाळला तर?" घोरानं तेही खाल्लं आणि ढेकर दिली.

मग तो पाळण्याकडे बघत म्हणाला, "पोरीला अजून नाव नाही ना? येत्या रविवारी मीच ठेवतो. आमच्या घराण्यातलं. 'काळजी'. एकदा मी नाव ठेवलं की ती माझी झाली. मग जन्मभर तिच्या उशाशी बसेन."

हे फिलूनं ऐकलं मात्र. आपल्या जिवाला लागला तो लागला, पण लेकीच्याही? ती उठली, घोराच्या पोटाला वळसा घालत कशीबशी घरातल्या आल्तारापाशी, म्हणजे देव्हाऱ्यापाशी, गेली. तिथं मावलीची तसबीर होती. कडेवर बाळ घेतलेली मावली.

"मावली," फिलू म्हणाली, "तुला दिलेला शब्द माझ्याकडून पाळवत नाही गं. लोक म्हणतात, भीती टाक आणि विश्वास ठेव. पण ही टाकू कुठं? दारातून बाहेर जाईल एवढी राहिलीच नाही."

मावली तसबिरीतून नुसती बघत राहिली. फिलूही बघत राहिली. मग तिच्या मनात आलं, हिचाही लेक येशू लहानपणी सणाच्या गर्दीत हरवला होता की. हिच्याही जिवाला घोर लागला असेल. पण ही घरात दार लावून बसली नाही, त्याला शोधत चालत राहिली. घाबरत घाबरतच चालली असेल.

फिलूनं डोळे पुसले. "मग मीही घाबरत घाबरतच येते. चालेल ना?"

आणि तिच्या मनात अगदी आतून कुणीतरी म्हटलं, "ये."

रविवार उजाडला. फिलूनं लेकीला टोपी घातली, घड घेतला, नवी मोठी मेणबत्ती घेतली आणि घोराच्या पाठीवर थाप मारली.

"ऊठ रे. चल."

"मी? कुठं?"

"होडीत. तुला घरी टाकून जाता येत नाही, तर घेऊनच जाते."

घोर गडबडला. असं त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. "पण मी दारातून मावणार नाही!"

"आत आलास तसा बाहेर पड. मावशी, जरा मागून लोटा."

मावशीला तेच हवं होतं. तिनं पदर खोचला आणि असा काही रेटा दिला की घोर बूच उडाल्यासारखा अंगणात जाऊन पडला. मग बस्त्याव पुढे वल्ह्यांवर, मध्ये फिलू, मांडीवर बाळ, आणि शेजारी म्हशीएवढा घोर. मावशी काठावरून हात हलवत राहिली, कारण होडीत तिला जागाच उरली नव्हती. पाणी होडीच्या काठाला येऊन टेकलं.

निम्मी खाडी ओलांडली आणि वारा उठला. लाटा उसळल्या. होडी अशी वर, अशी खाली. बाळानं घंटेएवढा सूर लावला. घोर तर थरथर कापायला लागला. "बुडलो तर? वल्हं मोडलं तर? फिलू, तू पण म्हण ना, तर?"

'तर' फिलूच्याही ओठांवर आलंच होतं. पण तिनं ते गिळलं, लेकीला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "येशूबाबा, होडी तुझी. पोर तुझी. ही घाबरलेली फिलूही तुझीच. आता तू बघ."

आणि मग काय झालं?

होडीच्या मागच्या बाजूनं आवाज आला.

"घोऽऽर्र."

घोराचे कान ताठ झाले. "कोण? कोण हाक मारतंय मला?"

"घोऽऽर्र."

"बाप रे! हा तर कुणी माझ्याहून मोठा घोर दिसतोय! कुठल्या गावचे, पाव्हणं?"

वादळात एवढं निवांत कोण असेल, हे काही घोराला कळेना. भरल्या लाटांवर, होडी हेलकावे खात असताना, कुणीतरी गाढ झोपून घोरत होतं! घोराची अशी बोबडी वळली की आक्रसून म्हशीची झाली बकरी. पुन्हा "घोऽऽर्र", आणि बकरीचं झालं मांजर. आणखी एकदा "घोऽऽर्र", आणि मांजराची झाली कोळंबी. इवलीशी. फळीवर उडाली, डुबुक करून पाण्यात पडली आणि गेली.

फिलूला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी! वारा अजून होता, लाटा अजून होत्या, आणि ती आपली हसतेय. आईचं पोट हसून हलायला लागलं तसं बाळही झोपलं. आणि वारा? तो चवड्यांवर चालायला लागला, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून. खाडी अशी झाली, जशी ताटात ओतलेली पेज.

"अहो," फिलू म्हणाली, "तुम्ही घोरत होतात?"

"मी वल्हवत होतो!" बस्त्याव घाम पुसत म्हणाला. "झोपून कुणी वल्हवतं का?"

मग दोघांनी एकदम मागे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. नुसती उशी. पण उशीच्या मध्ये खळगा पडला होता, डोकं टेकल्यावर पडतो ना, तसा. फिलूनं हळूच हात लावून पाहिला. उशी ऊन होती.

मग ती पदरानं डोळे टिपत म्हणाली, "तरी बरं बाई, कापूस नवा भरला होता."

पलीकडे फादर वाटच बघत होते. फिलूनं घड ठेवला, मेणबत्ती लावली. फादर मेणबत्तीकडे बघून म्हणाले, "फिलूबाय, नवस बाळाच्या उंचीचा होता ना? ही तर हातभर जास्त आहे."

"असू दे, फादर. वाढेल की ती."

बघा हं, पोरीला वाढू द्यायची भीती वाटणारी बाई ती!

"आणि नाव काय ठेवायचं?"

"निवांता."

फादरांनी चष्मा वर केला. "या नावाची संत काही मला आठवत नाही."

"मग पुढे मारिया लावा. मावली सांभाळून घेईल."

फादर हसले, पाणी ओतलं, आणि मारिया निवांता डोक्यावर गार पाणी पडूनसुद्धा रडली नाही. तिनं एक जांभई दिली, एवढंच.

मंडळी घरी परतली. घर पुन्हा घराएवढं झालं होतं. खाट आत आली. मावशीनं गोडाधोडाचं केलं, गावानं खाल्लं, आणि मावशीनं कानाला खडा लावला. आता ती कुणाचं बाळ बघायला गेली की म्हणते, "बाय, तुझ्या जिवाला निवांतपणा लागो." लोकांना ते जरा विचित्र वाटतं.

घोर कायमचा गेला का? तसा तो जात नाही, बाळांनो. कधीमधी कोळंबीएवढा होऊन मोरीतून यायचा आणि म्हणायचा, "फिलू, पण उद्या काही झालं तर?"

फिलू भाकरी थापता थापता म्हणायची, "तर? तर होडीत उशी आहे." आणि त्यात त्याला खाण्यासारखं काहीच सापडायचं नाही. मग तो आल्या वाटेनं परत.

निवांता मोठी झाली, मेणबत्तीहून उंच झाली. आता दरवर्षी सावरीचा कापूस तीच भरते, आणि कुरकुरत नाही. आणि राजा? अरे, तो येऊन गेला की! उशीवर झोपला होता तो कोण होता मग?

खाडीला मिळाली भरती, होडीला मिळाला काठ, आणि ही गोष्ट मिळाली तुम्हाला. आता क्रूसाची खूण करा, पांघरुणं ओढून घ्या. घोर दाराशी कान लावून बसला असेल, तेव्हा डोळे मिटा आणि घोरा बघू चांगलं मोठ्यानं.