बंधाऱ्यावरचा पहारा

धनगरवाडीने ओढ्यावर बंधारा बांधायला घेतला आणि रंगराव इनामदारांचा जळफळाट झाला. वाडीला स्वतःचं पाणी मिळालं, तर त्यांच्या विहिरीवर मिनतवाऱ्या करायला येणार कोण? त्यांच्या माणसांनी बंधारा फोडला. तेव्हा वाडीतल्या तान्हुबाईने बायकांना घेऊन देवीला गाऱ्हाणं घातलं, आणि देवळातून निघून सगळ्याजणी काठ्या घेऊन थेट बंधाऱ्यावर पहाऱ्याला बसल्या.

इनामदारांनी तान्हुबाईला राजासमोर उभं करून तक्रार केली. "महाराज, ही बाई म्हणते, आमचा भार देवीवर. मग काठ्या कशाला? हा देवीचा अपमान आहे. पहारा उठवायला लावा."

राजाने तान्हुबाईकडे पाहिलं. ती ठामपणे बोलली, "महाराज, आमच्या देवीला आठ हात आहेत आणि आठांतही हत्यारं. आईच रिकाम्या हातांनी बसत नाही, तर लेकरांनी कसं बसावं? इनामदारसाहेबांनी आधी तिची हत्यारं उतरवावीत, मग आम्ही काठ्या टाकतो."

राजा खो खो हसला. "काय इनामदार, जमेल?"

इनामदारांनी तक्रार मागे घेतली. त्या साली बंधारा पुरा झाला आणि काठोकाठ भरला.