पाचवा पंच

डोंगराच्या पायथ्याशी, एका तळ्याच्या काठी वसलेल्या गावात भिवजी नावाचा एक शेतकरी राहत होता. माणूस सरळ होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणूनच गावाने त्याला पंच केलं होतं. त्या गावात पाच पंच होते आणि पाचांचं एकमत झाल्याशिवाय निवाडा होत नसे. एकानेही नको म्हटलं, की बैठक मोडायची. जुन्या लोकांनी ही रीत फार विचार करून घातली होती.

एका उन्हाळ्यात येसाजीचा ऊस वाळायला लागला. येसाजी हा पंचांचा म्होरक्या. तळ्याचं पाणी पिण्यापुरतंच ठेवायचं, शेताला द्यायचं नाही, असं गावाने ठरवलेलं होतं. तरी एका संध्याकाळी येसाजीचा मुलगा रावजी तळ्याच्या बांधाला कुदळीने चर पाडत होता. चुकलेला बैल शोधत भिवजी तिकडून चालला होता. त्याने ते पाहिलं. रावजीनेही त्याला पाहिलं. भिवजी बैलाच्या शोधात तसाच पुढे निघून गेला.

चर लहान होता, पण पाण्याला तेवढी वाट पुरली. सकाळी लोक घागरी घेऊन आले तर बांध फुटलेला आणि तळ्यात नुसता चिखल. बायका काठावरच बसल्या. पुरुष ओरडू लागले. गावाला कुणीतरी हवं होतं, ज्याच्यावर हे घालता येईल.

बांधाजवळची माती नेणारा एकच माणूस होता, शिदू कुंभार. गावात त्याचं एकट्याचं घर. ना भाऊ, ना भावकी. दुपारी चावडीवर बैठक बसली.

"याने खणून खणून बांध पोकळ केला," येसाजी म्हणाला.

"मी बांधापासून पन्नास हात लांब खणतो," शिदू म्हणाला. "कुणीही येऊन बघावं."

बघायला कुणी उठलं नाही. शिदूचं घर वाळीत टाकावं, असं येसाजीने मांडलं. त्याला कुणी पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्याचा उंबरा ओलांडायचा नाही. जो ओलांडील, तोही वाळीत. तिघांनी माना डोलावल्या.

"भिवजी, तुझं काय?"

भिवजीच्या तोंडात शब्द आला होता. पण येसाजीच्या मागे रावजी उभा होता, आणि भिवजीचं शेत येसाजीच्या शेताला लागून होतं. शिवाय त्याला वाटलं, राग आज आहे, चार दिवसांनी उतरेल. तेव्हा आपणच मध्ये पडू आणि शिदूला आत घेऊ.

"सगळ्यांचं तेच माझं," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघत बसला.

चार दिवस गेले. राग उतरला नाही. तळं आटल्याने गाव दूरच्या ओढ्यावरून पाणी आणत होतं; शिदू कुणी यायच्या आत पहाटेच जाऊन यायचा. त्याची बायको राही हिचे दिवस भरत आले होते.

भिवजीची बायको चंद्रा गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. एके दिवशी भर दुपारी शिदू त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"वैनी, राहीला कळा लागल्यात. पोर आडवं आहे, असं वाटतंय. तेवढं चला."

चंद्रा उठली. भिवजीने तिच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन कडी लावली.

"उद्या आपल्यालाही टाकतील," तो म्हणाला.

"टाकू देत."

"घरात पोरंबाळं आहेत, चंद्रा."

"तिच्याही पोटात पोरच आहे."

तो दारातून हलला नाही. बाहेर शिदू बराच वेळ उभा होता. मग त्याची पावलं दूर गेली. चंद्रा भिंतीला टेकून बसली, ती दिवेलागणीलाही उठली नाही.

राही गेली. मुलगी तेवढी जगली. शिदूने बायकोला हातगाडीवर घालून एकट्याने मसणात नेलं. वाटेवरच्या घरांची दारं लावलेली होती. त्यांतलं एक भिवजीचं होतं.

तान्ह्या पोरीला दूध कुठून आणायचं? गावात ठकूबाई नावाची एक म्हातारी विधवा होती. तिची दुभती शेळी होती, तेवढंच तिचं धन. ती सगळ्यांदेखत शेळी घेऊन गेली आणि शिदूच्या अंगणात बांधून आली.

पुन्हा बैठक बसली. ठकूबाईला वाळीत टाकायचं ठरत आलं. विचारणा फिरत फिरत पाचव्या पंचापाशी आली.

भिवजी उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. रावजी, कुदळ, बांधातला चर.

येसाजीला राग आला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "भिवजी, याच जागी बसून तू शिदूला दोषी म्हणालास. तेव्हा खोटं बोललास, की आता बोलतोस?"

भिवजीने बाकीच्या पंचांकडे पाहिलं.

"दोन्हींतलं काहीही खरं असो, खोटं बोलणारा माणूस पंच राहत नाही," येसाजी म्हणाला. पंचाला काढताना त्याचं स्वतःचं मत धरत नसत. उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या. भिवजीची जागा रावजीला मिळाली. मग पाचांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. ठकूबाई वाळीत पडली आणि तिच्याबरोबर भिवजीचं घरही. समोर बसलेल्यांत असे पुष्कळ होते, ज्यांना भिवजीचं म्हणणं पटलं होतं. ते जमिनीकडे बघत होते.

भिवजी घरी आला. चंद्रा चुलीपाशी होती.

"आज मी खरं बोललो," तो म्हणाला.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "ऐकायला राही नाही."

दुसऱ्या दिवशी शिदूने लेकीला पाठीशी बांधलं, शेळीचं दावं हातात घेतलं आणि ठकूबाईला सोबत घेऊन गाव सोडलं. भिवजी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेला. वेशीवर शिदूने मागे वळून पाहिलं, ते गावाकडे. भिवजीकडे नाही.

पावसाळ्यात गावाने बांध नीट केला. तळं भरलं. पुढच्या उन्हाळ्यात येसाजीचा ऊस पुन्हा वाळायला लागला. या वेळी रावजीने चर पाडला तो भर दिवसा, लोक गुरं पाजत असताना. सगळ्यांनी पाहिलं. बोललं की काय होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

तळं आटलं. बायका घागरी घेऊन मुकाट्याने पुन्हा दूरच्या ओढ्याची वाट चालू लागल्या.

तात्पर्य: खरं बोलायचं ते वेळेवर बोलावं. एकाला टाकताना जे गाव मान खाली घालतं, त्याची मान पुन्हा वर होत नाही.