पुजलेल्या हातांची गोष्ट

केवलनाथ महाराजांचा मुक्काम आंबेपिंपरीच्या पिंपळपारावर होता, त्या वर्षीची ही गोष्ट. खंडेनवमीचा दिवस. ज्याच्या जिवावर वर्षभर घर चालले, त्याला आज हळदकुंकू वाहायचे आणि दिवसभर विसावा द्यायचा. सुताराने पटाशी आणली, चांभाराने रापी. महाराज हौसेने एकेकावर फूल ठेवत होते.

शेवटी आली गजरामावशी, गावची म्हातारी सुईण. ती रिकामीच आली आणि सुरकुतलेले दोन्ही हात महाराजांपुढे पसरून बसली.

"माझं हत्यार हेच, महाराज. देवानं लई लेकरं दिली ह्यांच्यात. म्हटलं, आज ह्यांचं उपकार मानावं."

दोन वर्षांपासून ते हात सारखे थरथरत. ते पाहून त्र्यंबकराव इनामदार मोठ्याने हसले. शास्त्र काय ते आपल्यालाच कळते, असा त्यांचा तोरा. "थरथरत्या हातांची पूजा! बरं, पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नसतं, ठाऊक आहे ना? मग जेवशील कशी?"

लोकही हसले. महाराजांनी मात्र तिच्या हातांना प्रेमाने हळदकुंकू लावले. मावशीने नियम अगदी मनावर घेतला. दुपारी सुनेने भरवले, तेव्हा कुठे ती जेवली.

दिवस कलता कलता तेच इनामदार धापा टाकत तिच्या दारी आले. बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची वेणू अडली होती. मूल आडवे आले होते.

मावशी तडक पारावर धावली, मागोमाग इनामदार. "काय करू, महाराज? हात तर आज पुजलेत."

"नियम विसाव्याचा आहे मावशी, अडलेल्या जिवाला सोडण्याचा नाही," महाराज म्हणाले.

"पन आडवं मूल फिरवायचं, आन् हे असे हात! पोरीच्या जिवाचं काही झालं म्हंजे?"

"मग थरथर ठेव इथे माझ्यापाशी, आणि जा."

वेणूच्या पोटावर हात ठेवला, आणि मावशी चकित झाली. हात दगडासारखे स्थिर! विशीतले बळ त्यांत आले होते. तिने बेताबेताने मूल फिरवले. घटकाभरात मुलगी जन्मली आणि तिने रडून घर डोक्यावर घेतले. मावशीला तर आनंदाने रडूच फुटले.

मावशी आणि इनामदार पारावर परतले, तर तिथे निराळाच प्रकार. महाराजांचे दोन्ही हात लटलटा कापत होते. दुधाची वाटीही धरवेना, एक भक्त ती त्यांच्या ओठांशी लावत होता. महाराज मात्र मजेत होते.

"सुटली ना पोर? मग ने बाई तुझं तुला, मला दूध पिता येईना!"

मावशीने हात पुढे केले. महाराजांचे हात शांत झाले, तिचे पुन्हा थरथरू लागले. केवढी ही दया!

इनामदारांना ना शास्त्र आठवले, ना घरात नुकतेच लागलेले सोयर. ते महाराजांच्या पायांवर पडायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि मावशीकडे बोट दाखवले. इनामदारांनी पागोटे उतरवून त्या थरथरत्या हातांवर कपाळ टेकले. "चुकलो मी, मावशी. क्षमा करा."

मावशी अवघडून गेली. "आसं काय करता, मालक? तुमीबी ह्याच हातांत आलाय की. आन् तुमीबी काय सरळ नव्हता आला!"

महाराज खळखळून हसले. इनामदारही रडता रडता हसले, पण कपाळ काही त्यांनी वर उचलले नाही.