उकाडा नावाचा पाहुणा

एक होता राजा. आता राजा म्हटलं की तुम्हांला वाटणार, कमरेला तलवार आणि मिशांना पीळ. होतं, दोन्ही होतं. पण डोक्यात कायम गोंधळ! नाव त्याचं शूरसेन, पण लोक पाठीमागे भांबावसेन म्हणायचे. उजवा जोडा डाव्या पायात घालायचा आणि मोची चुकला म्हणायचा. पण मनानं फार चांगला, बरं का. कुणाला कधी दुखवायचा नाही.

या राजाला पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली. चैत्रात झाली. मंजुळा तिचं नाव. एवढीशी, कापसाच्या वातीसारखी. राजाचा सगळा जीव तिच्या पाळण्यात अडकलेला. दरबारात बसला तरी कान आतल्या घरात.

मग वैशाख लागला. आणि एका सकाळी राजवाड्याच्या दारात एक पाहुणा आला. हा एवढा लठ्ठ! डोक्याला तांबडा फेटा, खांद्यावर घोंगडी, नाकातोंडातून वाफा. "मी उकाडा," म्हणाला. राजानं पाहुण्याला दारातून परत पाठवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणाला, "या, बसा." झालं! उकाडा तडक आत गेला आणि बाळाच्या पाळण्याशेजारी फतकल मारून बसला.

तेव्हा काही एसी नव्हता रे. बटण दाबलं की गारेगार, असलं काही नाही. आता तुम्ही एसी लावता तेव्हा हा उकाडा बाहेर जिन्यात बसून राहतो, आणि लाईट गेली की आला आत. तेव्हा तर त्याला मोकळं रानच. भिंती तापल्या, गाद्या तापल्या, पाळण्याच्या कड्यांना हात लावता येईना. बाळाच्या मानेवर लालभडक घामोळं उठलं. ते झोपेना, दूध पिईना, नुसतं रडायचं.

संध्याकाळ झाली, तसा उकाडा उठला. राजाला हायसं वाटलं. पण आपल्यात कसं असतं? घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? नाही म्हणत. 'येतो' म्हणायचं. उकाड्यालाही रीत ठाऊक होती. हात जोडून म्हणाला, "येतो हं, राजेसाहेब." आणि राजा सवयीनं म्हणाला, "या."

या म्हटल्यावर तो येणारच की! दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आधी दारात हजर. "तुम्हीच या म्हणालात," असं वर तोंड करून सांगायचा. पुन्हा संध्याकाळी "येतो", पुन्हा राजाचं "या". आपण त्याला निरोप देतोय की आवतण, हेच राजाला कळेना. बरं, पाहुण्याला 'जा' म्हणावं, तर जीभ वळत नव्हती. घरच्या उंबऱ्यात असलं बोलू नये, असं त्याच्या आईनं शिकवलेलं.

तेव्हा राणी कमळजा म्हणाली, "अहो, नुसते येरझारा काय घालताय? नदीपलीकडे साळूबाई सुईण आहे. तिच्याच हातावर आपली मंजुळा जन्मली. तिला विचारा."

ही साळूबाई फार म्हातारी. तोंडात एक दात नाही. उन्हाळ्यात तोंड उघडलं की आत ऊन शिरतं, असं तिचं म्हणणं. म्हणून वैशाखात ती दिवसाला एकच शब्द बोलायची. दुसरा कितीही मागा, मिळायचा नाही.

राजा कुणाला पाठवायचं सोडून स्वतःच धावला. भर उन्हात नदी ओलांडून गेला. "बाळ तापतंय, काय करू?" म्हणाला. साळूबाई म्हणाली, "वाळा." आणि तोंड मिटलं.

राजा खूश झाला. वाळा म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक. बाळाच्या पायात घालतात तो! लगेच सोनार बोलावला, चांदीचे चांगले जाड वाळे घडवले आणि मंजुळेच्या पायांत घातले. आता चांदीच ती, तापणारच. बाळानं जे भोकाड पसरलं! पाय झाडले की वाळे छुम छुम वाजायचे, आणि उकाडा मान डोलवायचा. "वा, काय नाद आहे," म्हणे.

राणीनं वाळे काढून टाकले. राजा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. साळूबाई म्हणाली, "माठ."

हसू नका! राजाला वाटलं, ही आपल्यालाच म्हणाली. बिचारा खाली मान घालून परत आला. वाटेत विचार करत होता, असूही आपण माठ, पण त्यानं बाळ गार कसं होणार? घरी आल्यावर आचारी म्हणाला, "महाराज, माठ म्हणजे भाजी. हिरवा माठ, तांबडा माठ." राजाला पटलं. मग राजवाड्यात सकाळी माठाची भाजी, दुपारी माठाची भाजी. राणीनं खाल्ली, दायांनी खाल्ली, घोड्यांच्याही पुढ्यात टाकली. सगळ्यांत जास्त कुणी खाल्ली? उकाड्यानं! लसणाची फोडणी होती ना. बोटं चाटून अजून मागितली. बाळ मात्र तसंच तापलेलं.

मग राजा तिसऱ्यांदा गेला. साळूबाईनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "कौल."

आता तर राजाला शंकाच उरली नाही. कौल म्हणजे देवाला विचारायचं. तो धावत देवळात गेला. गुरवानं देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. राजा हात जोडून म्हणाला, "देवा, माझ्या लेकीचं बरं होईल ना?" आणि सगळे टक लावून बघत बसले. पण ऊन एवढं, की दोन्ही पाकळ्या जागच्या जागी वाळल्या आणि झुळकीसरशी उडून गेल्या. हो नाही आणि नाहीही नाही. गुरव राजाकडे बघतोय, राजा गुरवाकडे बघतोय!

त्या दिवशी राजा घरी आला तेव्हा आत सगळं शांत होतं. आधी त्याला बरं वाटलं. मग पाळण्यात बघितलं. बाळ झोपलं नव्हतं. त्याला आता रडायचंही त्राण उरलं नव्हतं. कोरड्या ओठांनी नुसतं छताकडे बघत होतं. राणी पदरानं वारा घालत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

राजा तसाच उलट्या पावली धावला. नदीपलीकडे गेला, डोक्यावरची पगडी काढून साळूबाईच्या पायांशी ठेवली आणि हमसून हमसून रडला. "साळूबाई, तू तीन शब्द दिलेस. मला एकही कळला नाही. मी माठच आहे. पण माझं लेकरू हातचं जातंय गं."

साळूबाईला दया आली. तिनं त्या वैशाखात पहिल्यांदा तोंड पुरतं उघडलं. "अरे माझ्या राजा," म्हणाली, "वाळा पायातला नव्हे, दारातला! त्या वासाच्या गवताच्या मुळ्या. माठ ताटातला नव्हे, कुंभाराकडचा. आणि कौल देवाचा नव्हे रे, छपराचं!"

आणि ती स्वतः उठली. राजानं तिला पाठुंगळी घेतलं आणि पळत सुटला. लोक बघत राहिले, की राजा कुणाला घेऊन चाललाय, आणि त्याची पगडी कुठेय!

मग वाळ्याचे पडदे करून दारं-खिडक्यांना लावले आणि त्यांवर पाणी शिंपडलं. असा वास सुटला, पावसात भिजलेल्या मातीसारखा. कुंभाराकडून नवा माठ आणला, त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि खिडकीत वाऱ्यावर ठेवला. छपरावर माणसं चढवली, वरची दोन कौलं सरकवली, तशी कोंडलेली गरम हवा भसकन वर निघून गेली. राणीनं गार पाण्यानं बाळाचं अंग पुसलं. बाळानं जिभल्या चाटल्या. मग हळूच दूध प्यायलं. मग त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या.

इकडे उकाडा अस्वस्थ झाला. त्याला शिंक आली. त्यानं घोंगडी लपेटून घेतली, फेटा कानांवर ओढला, तरी हुडहुडी जाईना. शेवटी उठला, उंबऱ्यात गेला आणि हात जोडून म्हणाला, "येतो हं, राजेसाहेब."

राजाच्या तोंडात 'या' आलंच होतं! त्यानं जीभ चावली. या म्हणावं, तर हा सकाळी पुन्हा हजर. जा म्हणावं, तर रीत मोडते, आईचा शब्द मोडतो. गप्प बसावं, तर पाहुणा उत्तराशिवाय हलेना. एक पाय आत, एक पाय बाहेर. "येतो म्हटलं!" म्हणून ओरडला. बाळ दचकलं. राजानं राणीकडे बघितलं, साळूबाईकडे बघितलं. साळूबाईनं तोंड घट्ट मिटलेलं. राजाला घाम फुटला, डोकं गरगरलं, आणि त्या गोंधळात त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं, सावकाश या!"

"सावकाश?" उकाडा म्हणाला. "बरं. तसं करतो."

आणि शब्दाचा पक्का, बरं का! इतका सावकाश आला, इतका सावकाश आला, की वाटेत आषाढ गेला, श्रावण गेला, दिवाळी गेली, थंडी गेली, आणि तो दारात पोचला तेव्हा पुढचा वैशाख उजाडला होता. तोवर मंजुळा रांगून, उभी राहून, दुडूदुडू चालायला लागली होती. तेव्हापासून उकाडा वर्षातून एकदाच येतो. निघताना त्याला सगळे तेच सांगतात.

त्या दिवशी बाळ गाढ झोपलं. राजा पाळण्याची दोरी धरून खाली बसला होता, तो तिथंच बसल्या बसल्या घोरायला लागला. जोडे उलट्या पायांत, डोकं बोडकं. राणीनं त्याला उठवलं नाही.

पुढं ती सगळी सुखात राहिली. तुम्हीही राहा. पाय लांब करा, फरशीला पाठ लावा. गार लागतेय ना? मग मिटा डोळे.