द्रोणभर सावली

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलीशी झोपडी होती. भिंती कुडाच्या, छप्पर गवताचं. तिथं हिरू आणि तिची आई राहत. लाकडं आणताना आई कड्यावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. त्यानंतर दोन दिवस चूल पेटली नाही.

गावातल्या मोठ्या घरची मालकीण अंबाक्का दारात येऊन म्हणाली, "पोरीला माझ्याकडे धाड. भांडी घासेल, शेण काढेल, तिथंच निजेल. दोघींच्या पोटाची सोय होईल."

"आईला सोडून मी नाही राहणार," हिरू म्हणाली. "मी करवंदं विकीन."

"आणि करवंदं सरल्यावर? दगड विकशील?" अंबाक्का हसली. "हंगाम संपेपर्यंत थांबते. मग मुकाट्यानं यायचं."

दुसऱ्या दिवशी हिरूनं पळसाच्या पानांचे द्रोण टाचले आणि रान गाठलं. काही करवंदं काळीभोर टपोरी, काही कच्ची, गुलाबी-हिरवी. द्रोण भरतात न भरतात तोच जाळीआडून एक परी आली. चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख. पारिजातकाच्या देठासारखा केशरी झगा. केसांत दवाचे चिमुकले थेंब लुकलुकत होते.

"मला देतेस करवंदं? पैसे मात्र नाहीत हं माझ्याजवळ."

हिरू पेचात पडली. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं धाडत नाहीत, आणि भवानी उधारही करत नाहीत.

"फुकट देणार नाही," ती म्हणाली, "पण तुला परतही धाडणार नाही. काहीतरी दे."

परी खुदकन हसली. "एक इच्छा देते. पण द्रोणाला द्रोण. द्रोणात मावेल तेवढंच मागायचं. अशी मी तीनदा येईन. मिळालेलं नुसतं बसून खाल्लंस, तर पुन्हा दिसणार नाही."

"द्रोणभर मीठ दे."

"अगं वेडे, मोती माग!"

"मोती घेऊन गेले तर सोनार मला चोर म्हणेल. मीठ दे."

बाजार तीन कोसांवर. पिकली करवंदं तिथं पुष्कळांकडे होती. मीठ लावलेली कच्ची करवंदं एकट्या हिरूकडे. पोरांनी बोटं चाटून द्रोण रिकामे केले. हिरू जोंधळे, तेल आणि मिरच्या घेऊन घरी आली.

आई म्हणाली, "पाय मोडलाय, हात नाही मोडले. कच्च्या करवंदांचं लोणचं घालते. ते वर्षभर टिकतं. मोहरी तेवढी हवी."

दुसऱ्या वेळी हिरूनं परीकडे द्रोणभर मोहरीच मागितली. अर्धी आईनं लोणच्यात घातली, अर्धी परसात पेरली. बघता बघता झोपडीत लोणच्याची दहा मडकी उभी राहिली.

पण अडलं ते इथंच. हिरूच्या डोक्यावर एका वेळी एकच मडकं जाई. आईला चालवत नव्हतं. एका मडक्यावर दोघींचं पोट कसं भरणार? आणि हंगाम तर संपला. जाळीवर शेवटचा द्रोणभर मेवा उरला.

तो घेऊन परी म्हणाली, "आता सोनं माग. द्रोणभर सोन्यावर तुझा जन्म निघेल."

हिरूनं खूप विचार केला. झोपडीपासून हाकेच्या अंतरावर तीन वाटा मिळत. दिवसभर गाड्या जात, पण त्या बोडक्या उन्हात बैलसुद्धा थांबत नव्हता.

"द्रोणभर सावली दे."

परी चकित झाली. "द्रोणभर सावलीत मुंगी बसेल फार तर!"

"मग मुंगीपासून सुरुवात करीन."

परीचे डोळे पाणावले. तिनं तिठ्यावर द्रोण उपडा केला. निळीनिळी, गारेगार, टिचभर सावली जमिनीवर सांडली. "ऐक," ती म्हणाली, "मोल न घेता जितक्यांना बसवशील, तितकी ही वाढेल."

आधी खरंच एक मुंगी बसली. सावली वीतभर झाली. मग धापा टाकणारं कुत्र्याचं पिल्लू बसलं, मग म्हातारा गाडीवान. सावली फरशीएवढी झाली, अंगणाएवढी झाली. हिरूनं एकेक करून दहाही मडकी तिथं आणली. काठी टेकत आई आली आणि मडक्यांपाशी बसली.

भर दुपारी अंबाक्का तरातरा आली. घामानं निथळत होती. "चल गं, हंगाम सरला!"

"येत नाही, अंबाक्का," हिरू म्हणाली. "पण उन्हातून आलात. बसा. पाणी घ्या."

अंबाक्का पदरानं घाम टिपत बसली. पाणी प्याली. सावली सरसर पसरली आणि तिन्ही वाटांवर पोचली. गाड्या थांबल्या. गाडीवानांनी भाकऱ्या सोडल्या आणि लोणचं मागितलं. संध्याकाळपर्यंत दहाही मडकी रिकामी झाली. अंबाक्कानं दोन वेळा मागून घेतलं, पैसे मोजून.

सावलीत एक सोनेरी कवडसा भिरभिरत होता. तो हिरूच्या गालावर क्षणभर टेकला, लखकन उजळला आणि विरून गेला. परी गेली.

पुढच्या वर्षी हिरूनं एक बैलगाडी घेतली. मग चार घेतल्या. सावलीखाली कुंभार आला, तेली आला, कासार आला. बसायचं भाडं हिरूनं कुणाकडून कधी घेतलं नाही. आता तिथं साठ दुकानं आहेत आणि हिरूच्या गाड्या घाटापलीकडे जातात.

नवखा वाटसरू विचारतो, "आजीबाई, एवढी मोठी पेठ कुणाची?"

हिरूची आई पाठ ताठ करते आणि म्हणते, "माझ्या लेकीची."